खिशातलं वॉशर

“आधीचं बरं दिसतं, की आत्ताचं?”

हा प्रश्न तो दिवसातून दोनेकशे वेळा विचारत असे. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अंगाला पडदा लावून केलेली अंधारी खोली, समोरच्या भिंतीवर उजळलेली अक्षरं आणि खुर्चीत हनुवटी वर करून बसलेलं कुणीतरी. काच बदलायची, विचारायचं; पुन्हा बदलायची, पुन्हा विचारायचं. लोक या प्रश्नाला भलतेच बिचकतात. एरवी घरात दारात कुणाचं ऐकून न घेणारी माणसं इथं बसली की चाचरायला लागतात. आत्ता खुर्चीत एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या बाई, स्वतःवर वेळ आल्यावर त्यांच्या कपाळावर घाम जमला होता. “चुकलं तर हो?” त्यांनी विचारलं. “इथं चुकत नाही काही. दिसेल ते सांगायचं,” तो नेहमीच्या सवयीनं म्हणाला आणि तेवढ्यात पँटच्या खिशात फोन थरथरला. कामात असताना तो फोन घेत नसे. पण फोन धाकट्या भावाचा होता. धाकटा वर्षातून मोजून तीन-चारदा फोन करायचा आणि भर दुपारी तर कधीच नाही. त्यानं पडद्याकडे तोंड करून फोन कानाला लावला. “दादा, गाडी काढली रे जिन्याखालून,” धाकट्याचा आवाज नेहमीसारखा खुशीत होता. “आमच्या साहेबांचा हुकूम. लायसन आलं, आता त्यांना गाडी हवी, आणि नवी नको म्हणे, हीच हवी.” साहेब म्हणजे धाकट्याची एकोणीस वर्षांची मुलगी. “टायर आणले, बॅटरी आणली. पण बाहेर ओढली तर ऑइलची धार लागली की जमिनीवर. नळ्या सगळ्या वाळून लाकूड झाल्यात. गल्लीतला गॅरेजवाला म्हणतो, खालून उघडून बघावं लागेल. उद्या बोलावतो त्याला.” खालून उघडून. त्याचा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे गेला. “नको,” तो एकदम ओरडला, “कुणाला हात लावू देऊ नकोस, मी येतो रविवारी.” खुर्चीतल्या बाई दचकल्या. हातातली काच खाली पडली आणि टेबलाखाली घरंगळत गेली. बाई अपराधी सुरात म्हणाल्या, “माझं काही चुकलं का?”

शर्टाच्या खिशात तांब्याचं एक वॉशर होतं. वॉशर म्हणजे काय, तर बोल्टाखाली बसणारी एक चपटी कडी, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठी. इंजिनाच्या पोटाखाली ऑइल काढून टाकायचा एक बोल्ट असतो, त्याच्या नि इंजिनाच्या मधे ही कडी दाबून बसते आणि थेंबभरही ऑइल बाहेर येऊ देत नाही. एवढंच तिचं काम. ती नसली तर बोल्ट कितीही आवळा, ऑइल वाट काढतंच. हे वॉशर अकरा वर्षं त्याच्या खिशात होतं. शर्ट बदलला की या खिशातून त्या खिशात. बायको धुण्याआधी खिसे चाचपायची, वॉशर काढून खिडकीत ठेवायची आणि म्हणायची, “घ्या तुमचा तांब्याचा पैसा.” लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, हे काय आहे म्हणून. तो म्हणाला होता, असंच, सवय. तिनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं की कुणीतरी सांगितलेला तोडगा असणार, सांगितला तर त्याचा गुण जातो म्हणून हा सांगत नाही. दुकानातले पोरगेसे सहकारी त्याला नशिबाचं नाणं म्हणायचे. नशिबाचं! तो मान हलवून हसायचा. आणि मग मधूनच, अक्षरं विचारता विचारता, जेवताना, बसची वाट बघताना, बोटं खिशात जायची, कडीच्या गोल कडेवरून एक फेरी मारायची आणि मनात तेच जुनं वाक्य उमटायचं: हे इथं आहे, म्हणजे तिथं नाही.

तो दिवस त्याला पाठ होता, आणि गंमत अशी की नेमका हवा तेवढा तुकडाच पाठ नव्हता. त्या वेळी दोघं भाऊ एकाच घरात राहायचे, धाकटा खालच्या खोल्यांत, तो वर. धाकट्याच्या मोटरसायकलचं सगळं तोच बघायचा. बघायचा कसला, जीव टाकायचा. धाकट्यानं गाडी फक्त उडवायची आणि यानं रविवारी तिला पुसायची, तिचं ऑइल बदलायचं, चेन धुवायची, असा न बोलता झालेला करार होता. वडील पाण्याचे पंप दुरुस्त करायचे, त्यांच्याकडून हा हात आला होता. तांब्याचं वॉशर एकदा दाबलं गेलं की कडक होतं, म्हणून लोक फेकून देतात. वडील फेकत नसत. “तांबं दमतं फक्त,” ते म्हणायचे, “तापव, पाण्यात टाक, पुन्हा मऊ होतंय का नाही बघ.” स्वयंपाकघरातल्या गॅसवर पकडीत धरून ते वॉशर लाल करायचे आणि वाटीतल्या पाण्यात सोडायचे, चर्र आवाज व्हायचा आणि आई म्हणायची, माझी वाटी. त्या दिवशी त्यानंही तेच केलं होतं. बोल्ट काढला, ऑइल परातीत गळायला ठेवलं, वॉशर घेऊन वर गेला, लाल केलं, विझवलं, पुसलं. इथपर्यंत सगळं लख्ख. नंतर खालून धाकट्याची हाकाटी: दादा, उशीर होतोय, दादा, पाच मिनिटं राहिलीत. तो धावत खाली आला. पाना घेतला, बोल्ट आवळला, वरून ऑइल ओतलं, धाकटा टांग मारून भुर्रकन गेला. आणि संध्याकाळी हात धुताना शर्टाच्या खिशात काहीतरी टोचलं. वॉशर. गुलाबी, गरम करून नवं झालेलं, जसं वरून आणलं तसं. मधलं काहीच आठवेना. बोल्ट हातात घेतल्याचं आठवेना, वॉशर चढवल्याचं आठवेना. आठवायचा फक्त पान्याचा शेवटचा करकचून आवाज. उद्या उघडून बघू, तो मनाशी म्हणाला. दुसऱ्या दिवशी धाकटा गाडी घेऊन लवकर गेला. तिसऱ्या दिवशी उद्या नक्की, असं झालं. चौथ्या दिवशी वळणावर मागचं चाक घसरलं, धाकटा पडला आणि गाडी त्याच्या गुडघ्यावर पडली.

गाडी टेम्पोत घालून घरी आणणाऱ्यानं दारातच सांगितलं होतं, “इंजिनातून ऑइल सुटलंय हो, मागचं चाक पार माखलं होतं. खालून सगळं बरबटलंय बघा.” त्यानं बघितलं नाही. त्याला फक्त खाली वाकायचं होतं. वाकला असता तर तिथल्या तिथं कळलं असतं. तो वाकला नाही. हॉस्पिटलात भावजय बाकावर बसली होती, मांडीवर आठ वर्षांची झोपलेली पोर. भावजयीनं वर बघून विचारलं, “दादा, गाडी तुम्हीच केली होतीत ना परवा?” नुसतं विचारलं होतं तिनं, कदाचित काहीतरी बोलायचं म्हणून, पण तो ‘हो’ म्हणाला आणि त्या एका ‘हो’नं त्याची जीभ जी टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. ऑपरेशननंतर धाकटा गुंगीत होता. याचा हात धरून तो पुटपुटला होता, “दादा, माझ्यामुळं झालं रे. चूक माझीच. रागावू नकोस.” हे ऐकल्यावर तो खोलीतून उठून गेला. जिन्यात जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं, याला सगळं कळलंय आणि तरी हा माझं पाप आपल्या अंगावर घेतोय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. धाकट्याचा गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. वर्षभरात यानं नोकरी जवळ पडते असं कारण काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. पान्यांची पेटी पलंगाखाली गेली. मोटरसायकल जिन्याखाली गेली, जुन्या चादरीखाली, आणि कुणीच तिला हात लावला नाही. भावजय म्हणाली, मला ती दिसायला नको. तो भावाकडे जायचा, पण पाहुण्यासारखा. चप्पल न काढता निघायच्या बेतानं बसायचा आणि जिन्याच्या बाजूला पाठ करायचा.

आणि आता कुणीतरी गॅरेजवाला येऊन चटईवर पडून तो बोल्ट काढणार, वर बघणार आणि साऱ्यांच्या देखत म्हणणार, अहो, याला वॉशरच नाही, हे कुणी केलं होतं? त्या रात्री झोपेचं खोबरं झालं, त्याच्या पुढच्या रात्रीही. सगळा विचार करून त्यानं जो बेत केला तो सांगायलाही लाज वाटेल असा होता. आपणच जायचं. आपणच खाली शिरायचं. बोल्ट काढायचा, खिशातलं वॉशर गुपचूप चढवायचं आणि बोल्ट परत आवळायचा. कुणाला कळणार? जिथलं तिथं जाईल. चोरानं रात्री येऊन भांडं परत ठेवावं तसलं काहीतरी. बायकोनं त्याला पलंगाखालून पेटी ओढताना बघितलं आणि ती दारातच थबकली. पेटीवर बोटभर धूळ होती. “गाडी दुरुस्त करता येते तुम्हाला?” तिनं विचारलं. सात वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिला ठाऊकच नव्हती.

धाकट्याच्या घरामागचं अंगण फरशीचं होतं. मधोमध गाडी उभी, मधल्या स्टँडवर. तिचा निळा रंग त्याच्या आठवणीपेक्षा फिका होता आणि ती लहान वाटत होती. इतकी वर्षं ज्या गोष्टीला आपण भितो ती एवढीशी असावी याचा त्याला क्षणभर रागच आला. धाकटा प्लास्टिकच्या स्टुलावर, ताठ पाय पुढं सोडून बसला होता, हातात चहाचा कप. “या, या, मोठे डॉक्टर आले,” तो ओरडला. “पेशंट तयार आहे.” पुतणी ओढणी कमरेला खोचून, बाह्या वर करून उभी. तिनं आधीच रॉकेलचा डबा, चिंध्या, जुने दात घासायचे ब्रश असं सगळं ओळीनं मांडलं होतं. “काका, मला सगळं शिकायचंय. नुसतं बघणार नाही, करणार.” झालं. गुपचूप करायचा बेत तिथंच बोंबलला. “तू जरा पाणी आण बरं,” तो म्हणाला. तिनं शेजारची भरलेली बादली दाखवली. “मग जरा आणखी चिंध्या.” “काका, पंधरा आहेत.” धाकटा खो खो हसला. “साहेब हलायचे नाहीत हां दादा. मी रोज प्रयत्न करतो.”

त्यानं गाडीखाली चटई टाकली आणि आडवा झाला. अकरा वर्षं न वाकलेला माणूस शेवटी पाठीवर झोपला. वर इंजिनाचं पोट, त्यावर ऑइल आणि धूळ मिळून झालेला काळा थर, खरवडला तर वड्या पडाव्यात असा. पुतणीही पलीकडून पोटावर झोपून आत डोकावली. तिचा एक डोळा, अर्धं नाक आणि वेणीचं टोक एवढंच त्याला दिसत होतं. त्यानं ब्रशानं बोल्टाभोवतीचा थर काढला. आश्चर्य म्हणजे, हातांना सगळं आठवत होतं. पाना नेमका हातात आला. बोल्टाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ होती, त्याचीच. आवळून झाला की तो बोल्टावरून इंजिनावर अशी रेघ ओढायचा, हलला तर कळावं म्हणून. रेघ सरळ होती. बोल्ट हललेला नव्हता. त्यानं काय होतं, तो मनाशी म्हणाला, वॉशरच नसेल तर रेघ घेऊन काय चाटायचंय. त्यानं पाना टाकला, जोर लावला. कुईं करून बोल्ट सुटला. परातीत काळं, दाट ऑइल धारेनं पडायला लागलं आणि बोल्ट त्याच्या तळहातात आला. त्यानं तो चिंधीनं पुसला. एकदा पुसला, दोनदा पुसला. बोल्ट उघडा होता. त्यावर काहीही नव्हतं.

तर मग खरंच होतं. अकरा वर्षं तो स्वतःला सांगत होता की खरं आहे, खरं आहे, आणि तरी आत कुठंतरी एक लबाड कोपरा म्हणत होता की नसेलही. तो कोपरा आता गेला. खरं तर हीच वेळ होती. पुतणी परातीकडं बघत होती, खिशातून वॉशर काढून बोल्टावर सरकवायला दोन सेकंद लागले असते. बोटं खिशात गेलीही. पण वॉशर हातात घेतल्यावर त्याला एकदम आपल्या खुर्चीत बसलेल्या त्या बाई आठवल्या, त्यांचं घाबरलेलं तोंड आणि आपण किती सहजपणे त्यांना सांगितलं होतं ते. दिसेल ते सांगायचं. तो गाडीखालून सरपटत बाहेर आला. तोंडावर ऑइलचा पट्टा, एका हातात बोल्ट, एका हातात वॉशर. फरशीवरच बसला. “मला तुला एक सांगायचंय,” तो धाकट्याला म्हणाला आणि मग थांबता येईना. वर गॅसवर तापवलेलं वॉशर, खिशात राहिलेलं वॉशर, उद्या बघू, परवा बघू, हॉस्पिटलातलं ते ‘हो’. “तुझा पाय माझ्यामुळं गेला. मी बोल्टाला वॉशर लावलं नव्हतं. हे बघ. हे तेच आहे. अकरा वर्षं खिशात घेऊन फिरतोय.” भावजय स्वयंपाकघराच्या दारात आली होती, हातात उलथनं. धाकटा त्याच्याकडे असा बघत होता की जणू हा एखाद्या परक्या भाषेत बोलतोय.

“पण काका,” गाडीखालून पुतणीचा आवाज आला, “वर चिकटलंय की एक.”

“काय चिकटलंय?”

“कडी. भोकाच्या भोवती. निघेना. थांबा, नखानं काढते.” खुडबुड झाली, एक बारीक शब्द ऐकू आला जो मुलीनं आईच्या देखत वापरायला नको होता, आणि तिचा काळाकुट्ट हात बाहेर आला. तळहातावर एक वॉशर होतं. त्यानं ते घेतलं, चिंधीनं घासलं. घासता घासता ते पांढरं झालं. तांब्याचं नव्हतंच. ॲल्युमिनियमचं होतं. दाबाखाली ते इंजिनाला असं घट्ट चिकटून बसलं होतं की बोल्ट एकटाच खाली आला होता. हे तर हमखास होतं, कुठलाही शिकाऊ मेकॅनिकही आधी बोट घालून बघतो. आणि ॲल्युमिनियमचं वॉशर त्यानं बापजन्मात लावलं नव्हतं.

“अरे, ते मी लावलेलं,” धाकटा म्हणाला. “तू वर जाऊन बसलास तापवत. मला उशीर. ऑइल फिल्टरच्या पुडक्यात एक वॉशर असतं ना, ते घातलं, बोल्ट हातानं फिरवून ठेवला. तुला म्हटलंसुद्धा, दादा, लावलाय, फक्त आवळ. तू ‘हं’ म्हणालास. तू गाडीत डोकं घातलंस की कुणाला काय उत्तर देतोस ते तुला तरी कळतं का?” त्याचं हसू सुरू झालं आणि मधेच विझलं. त्यानं कप खाली ठेवला. “थांब. म्हणजे तुला खरंच माहीत नाही?”

“काय?”

“हॉर्न.” धाकटा ताठ पायाकडे बघत बोलत होता. “पडलो त्याच्या आदल्या दिवशी मी मोठा हॉर्न आणला नाही का, बसचा असतो तसला. बसवला मीच. जागा होईना म्हणून ऑइलची नळी जिथं क्लिपनं धरलेली असते ना टाकीखाली, ती क्लिप काढून टाकली आणि नळी तारेनं बाजूला बांधली. ती घासली असणार दिवसभर. मला पडल्या पडल्या कळलं होतं रे, वरून गरम ऑइल उडालं पायावर. तुला हॉस्पिटलात सांगितलं की मी! चूक माझी, रागावू नकोस म्हणून. तू काही बोलला नाहीस, उठून गेलास. मी म्हटलं, झालं. तुझ्या हातचं काम मी बिघडवलं, आता हा काही बोलायचा नाही. मग घरही सोडलंस. मी तरी कुठल्या तोंडानं विषय काढणार?”

त्यानं सीट काढली, टाकीचे दोन बोल्ट काढले, पुतणीनं टाकी धरली आणि दोघांनी ती उचलून बाजूला ठेवली. खाली गंजलेला, भलामोठा हॉर्न होता. त्याच्या मागं गंजक्या तारेनं आवळलेली जाड रबरी नळी, आणि नळी जिथं सांगाड्याच्या पत्र्याला टेकली होती तिथं एक चीर. लांब, स्वच्छ, बोटाचं पेर जाईल एवढी. त्यानं पेर घातलं. आतलं वाळलेलं ऑइल बोटाला लागलं. तो तसाच उभा राहिला, गाडीच्या पोटात बोट घालून, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की भीतीच वाटली, आधार म्हणून त्यानं हँडल धरलं. त्याच्या पाठोपाठ राग आला, सणसणून. अकरा वर्षं! एक वाक्य विचारलं असतं तर. “गाढवा,” तो म्हणाला. “गाढव तू,” धाकटा म्हणाला. “बसचा हॉर्न! बसचा हॉर्न लावतं का कुणी?” “आणि वॉशर खिशात घेऊन हिंडतं का कुणी?” पुतणी टाकी पुसत शांतपणे म्हणाली, “दोघंही.” भावजय दारातून आत वळली आणि तिनं उलथनं ओट्यावर जरा जोरातच आपटलं. आतून तिचा आवाज आला, “मी विचारलं होतं तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंत दादा. मला वाटायचं, माझ्या हातचं जेवणच आवडत नाही तुम्हाला.” तो हात धुवायच्या निमित्तानं न्हाणीघरात गेला, नळ पुरता सोडला आणि पोटभर रडून घेतलं. साबण काळा झाला, हात काही स्वच्छ झाले नाहीत.

मग काम सुरू झालं. असं काम त्यानं कधी केलं नव्हतं. म्हणजे हजारदा केलं होतं, पण तहान लागल्यावर पाणी प्यावं तसं आज करत होता. पेट्रोलची नळी वाकवली तर काडीसारखी मोडली. इंजिनाचा श्वास बाहेर सोडणारी नळी हातात येताच तिचे तुकडे झाले. ऑइलच्या दोन्ही जाड नळ्या काढल्या, धाकट्यानं आदल्या दिवशीच आणून ठेवलेल्या नव्या जुन्याशेजारी ठेवून मापात कापल्या. नवं रबर ताठ, तोटीवर चढेना, त्यानं गरम पाणी मागवलं, नळीचं टोक मिनिटभर त्यात बुडवून ठेवलं आणि पुतणीला म्हणाला, “आता ढकल. फिरवत ढकल.” नळी सुर्रकन बसली आणि पोरीनं असा चेहरा केला की जणू डोंगर चढून आली. “आता हात फिरव हिच्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठं काही लागतंय?” “नाही.” “पुन्हा फिरव, हँडल वळवून.” “इथं जरासं.” “मग तिथं क्लिप.” क्लिप पेटीत होती, त्याच्या पेटीत सगळं होतं, सगळं आपापल्या जागी वाट बघत होतं. हॉर्न काढून त्यानं धाकट्याच्या मांडीवर ठेवला. धाकट्यानं तो पोराला घ्यावं तसा धरला आणि म्हणाला, “याला आता शोकेसमधे ठेवतो.”

शेवटी राहिला तो खालचा बोल्ट. ॲल्युमिनियमची कडी काढतानाच चेपली होती, ती पुन्हा लावण्यात अर्थ नव्हता, आणि रविवारी सुट्या भागांचं दुकान बंद. पुतणी म्हणाली, “हे आहे की,” आणि तिनं फरशीवरचं तांब्याचं वॉशर उचललं. त्यानं ते हातात घेतलं. अकरा वर्षं बोटांनी घासून घासून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, पण जाडी तीच, माप तेच. याच बोल्टाचं होतं ते. तिघं स्वयंपाकघरात गेले, धाकटा काठी टेकत मागून. “माझ्या गॅसवर?” भावजय म्हणाली, पण बाजूला सरकली आणि तिनंच पक्कड काढून दिली. पुतणीनं वॉशर ज्योतीत धरलं. आधी काळं पडलं, मग निळसर, मग हळूहळू आतून लाल. “आता,” दोघं भाऊ एकदम म्हणाले. चर्र. “माझी वाटी,” भावजय म्हणाली, आणि दोघं भाऊ एकमेकांकडे बघून इतके हसले की तिला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे.

तो पुन्हा पाठीवर झोपला. वॉशर बोल्टावर सरकवलं, आणि या वेळी मोठ्यानं म्हणाला, “वॉशर लावलं.” “बघितलं,” पुतणी म्हणाली. “बघितलं,” स्टुलावरून धाकटाही म्हणाला, त्याला तिथून काही दिसत नव्हतं तरी. बोल्ट आवळला. पांढरी रेघ मारली. ऑइल ओतलं. गाडीनं मात्र बरेच नखरे केले. धाकट्यानं बसल्या जागेवरून सूचनांचा भडिमार केला, पुतणीनं लाथा मारून मारून घाम गाळला आणि सतराव्या की अठराव्या लाथेला गाडी खोकली, धुराचा लोट सोडला आणि सुरू झाली. धाकट्यानं डोळे मिटून घेतले. यानं मग भावजयीकडं पावडरचा डबा मागितला. “तोंडाला लावायची?” “तीच.” धुऊन कोरड्या केलेल्या इंजिनावर त्यानं सगळीकडे पावडर भुरभुरली, कुठं थेंबभर जरी पाझरलं तरी पांढऱ्यावर काळी वाट उमटते, लपत नाही. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. चौघं वाकून बघत होते. नळ्यांभोवती पांढरं. टाकीखाली पांढरं. तो खाली शिरला: बोल्टाभोवती पांढरं, कोरडं, जसं टाकलं तसं. फक्त गिअरच्या दांड्यापाशी एक ओलसर ठिपका धरला होता. “सील गेलंय तिथलं,” तो म्हणाला, “आजच्या आज काही होत नाही. पुढच्या रविवारी येतो.” हे बोलताना त्याला त्या फुटक्या सीलचं इतकं प्रेम वाटलं की काय सांगावं. “जेवायला या मग,” आतून भावजय म्हणाली. “पाहुण्यासारखं चप्पल घालून बसायचं नाही.”

पुतणी गल्लीतून एक फेरी मारून आली, मग दुसरी, आणि तिसऱ्या फेरीला धाकटा मागं बसला, ताठ पाय बाजूला काढून. “दादा, खाली बघ रे, थेंब पडतोय का?” कोपऱ्यावरून तो ओरडला. त्यानं रस्त्यावर बसकण मारून जमीन बघितली, गाडी उभी होती ती जागाही बघितली. कोरडी होती. धाकटा उतरताना कण्हला. गुडघा होता तसाच होता, तो काही आज वाकणार नव्हता. त्यानं भावाला धरून स्टुलावर बसवलं, आणि धाकट्यानं त्याचा दंड जरा वेळ सोडलाच नाही.

परतताना बस भरलेली होती. एका हातानं दांडी धरलेली, आणि दुसऱ्या हाताची बोटं सवयीनं शर्टाच्या खिशात गेली. खिसा रिकामा. कुठं पडलं? तो वाकून लोकांच्या पायांतून बघायलासुद्धा लागला, शेजारच्यानं विचारलं, काय हरवलं हो? आणि मग आठवलं. तो सरळ झाला. “काही नाही,” तो म्हणाला, “आहे. आहे जागेवर.” शेजारच्याला काही कळलं नाही, पण माणूस भला होता, तोही हसला.

घरी आल्यावर बायकोनं त्याचा अवतार बघून आधी दारातच उभं केलं आणि शर्ट काढून मागितला. शर्टावर ऑइल, पावडर, रॉकेल, कशाचं काय. बादलीत टाकण्याआधी तिनं नेहमीप्रमाणे खिसा चाचपला. पुन्हा चाचपला. मग घाबरून त्याच्याकडे बघितलं.

“अहो, तुमचा तांब्याचा पैसा?”

“तो कामाला लागला,” तो म्हणाला. “बस जरा. सांगतो.”